सीईटीच्या गुणपत्रिकेतील विषयवार पर्सेंटाइल कसे वाचावे

सीईटीचा, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत, अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या मुलांच्या घरी एकच कागद पुन्हा पुन्हा हाताळला जातो. त्यावर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि एकूण अशी चार पर्सेंटाइल छापलेली असतात. कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवताना मी अनेक वर्षे हा कागद पालकांसोबत बसून वाचत आलो आहे. यांपैकी कोणता आकडा कोठे लागू होतो हे न उमगल्यामुळे मुलांच्या हातून चांगल्या जागा निसटलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वप्रथम, तिन्ही विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढू नये. रावेर तालुक्यातील एक केळी उत्पादक पालक असा हिशेब वहीत मांडून माझ्याकडे आले होते. सरासरी आणि छापलेले एकूण पर्सेंटाइल जुळत नसल्याने निकालच चुकला आहे अशी त्यांची खात्री झाली होती. निकाल बरोबर होता. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. तुमच्या सत्रात, म्हणजे परीक्षेच्या त्याच पाळीत, परीक्षा दिलेल्यांपैकी शेकडा किती जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत, एवढेच ते सांगते, आणि ते प्रत्येक विषयासाठी व २०० पैकी मिळालेल्या एकूण गुणांसाठी स्वतंत्रपणे काढले जाते. तिन्ही विषयांत सारखाच चांगला असलेला विद्यार्थी विरळा असल्यामुळे अशा विद्यार्थ्याचे एकूण पर्सेंटाइल सरासरीपेक्षा बरेचदा वरचे निघते. परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने, मित्राला १३० गुणांवर इतके पर्सेंटाइल आले म्हणजे आपल्यालाही तेवढेच यायला हवे, ही तुलनाही दोघे एकाच सत्रात बसले असतील तरच खरी ठरते.

गुणवत्ता यादी लागते ती एकूण पर्सेंटाइलवर. मग विषयांना महत्त्व नाही का? आहे, पण ते निकालानंतर कमी आणि निकालाआधी फार मोठे आहे. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, म्हणजे एकट्या गणिताचे १०० गुण. भौतिक आणि रसायनाचे प्रत्येकी ५० प्रश्न १ गुणाचे, म्हणजे दोघांचे मिळून १००. एका विद्यार्थ्याचे गणितात ४० आणि भौतिक व रसायनात प्रत्येकी ३० प्रश्न बरोबर आले असे समजू. त्याची बेरीज १४० होते. दुसऱ्याचे गणितात ३० आणि उरलेल्या दोन विषयांत प्रत्येकी ४० बरोबर आले, तरी त्याचीही बेरीज १४०च होते. दुसऱ्याने १० प्रश्न जास्त सोडवले आणि हाती काहीच जास्त लागले नाही. म्हणून ज्याचे गणित कच्चे आहे त्याने रसायनाच्या पाठांतरावर विसंबून राहू नये.

वेळेचे गणितही असेच आहे. भौतिक आणि रसायनाच्या १०० प्रश्नांना ९० मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताच्या एका प्रश्नाला १०८ सेकंद. एका भागात वाचलेला वेळ दुसऱ्यात वापरता येत नाही, त्यामुळे सराव दोन्ही गतींचा स्वतंत्रपणे करावा लागतो. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. अकरावीचा भाग सुमारे २० टक्के असतो; गणितापुरते बोलायचे तर ते सुमारे १० प्रश्न, म्हणजे २० गुण. अकरावीचे वर्ष आपल्याकडे बरेचदा वाया जाते, याची मला मनापासून खंत वाटते. मराठी माध्यमातून आलेल्या साक्री किंवा नवापूरकडच्या मुलांनी आणखी एक लक्षात ठेवावे : भौतिक आणि रसायनाचे प्रश्न मराठीतून मिळू शकतात, गणिताचे मात्र इंग्रजीतच असतात. गणिताचे इंग्रजी पारिभाषिक शब्द अकरावीपासूनच डोळ्यांखालून जायला हवेत.

निकालानंतर विषयवार आकडा कामी येतो तो बरोबरी झाल्यावर. पर्सेंटाइल दशांश चिन्हानंतर सात स्थळांपर्यंत दिलेले असते, तरी एकाच सत्रात समान गुण मिळवणाऱ्यांचे एकूण पर्सेंटाइल तंतोतंत सारखेच येते. अशा वेळी आधी गणिताचे, मग भौतिकशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे पर्सेंटाइल पाहिले जाते आणि तरीही बरोबरी राहिली तर बारावीच्या गुणांकडे वळले जाते. वरच्या उदाहरणातले दोघे एकाच सत्रातले असतील तर पहिला पुढे जाईल.

बारावीच्या गुणांचे काम एवढ्यावर थांबत नाही. राज्याच्या प्रवेशासाठी ते मुख्यतः पात्रतेचे आहेत : विहित विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि महाराष्ट्रातील मागास प्रवर्गांना ४० टक्के. परंतु एनआयटीचा, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांचा, विचार असेल तर जेईई मेन या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेच्या जोडीला बारावीत ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५ टक्के, किंवा आपल्या मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते. सीईटीसाठी बारावीकडे पाठ फिरवणाऱ्याने हे दार स्वतःच बंद केलेले असते.

आता कटऑफ, म्हणजे ज्या पर्सेंटाइलवर शेवटची जागा गेली तो आकडा. गेल्या वर्षीची यादी उघडल्यावर महाविद्यालयाच्या नावासमोरचा एकच आकडा पाहू नये. प्रवर्गाच्या संकेताच्या शेवटचे अक्षर पाहावे : एच म्हणजे होम युनिव्हर्सिटीचे, म्हणजे महाविद्यालय ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात आहे तेथूनच बारावी झालेले उमेदवार, ओ म्हणजे तिच्याबाहेरचे उमेदवार, एस म्हणजे राज्यस्तर. आपल्या तिन्ही जिल्ह्यांचे विद्यापीठ कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, त्यामुळे चोपड्यात किंवा दोंडाईच्यात दहावी-बारावी झालेल्या मुलाने पुण्यातल्या महाविद्यालयासाठी ओची ओळ वाचायची असते. दहावीनंतर पुण्याला किंवा लातूरला जाऊन बारावी तेथे केली असेल, तर होम युनिव्हर्सिटी तिकडची धरली जाते. शिकवणीचा निर्णय घेताना हा मुद्दा कोणी सांगत नाही, आणि पालकांना तो प्रवेशाच्या वेळी कळतो.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे महाविद्यालयांच्या पसंतीचा अर्ज, भरताना एकूण पर्सेंटाइल हाताशी ठेवावे, पण पसंतीक्रम खऱ्या इच्छेप्रमाणेच लावावा. जागा देताना यादी वरून खाली पाहिली जाते, त्यामुळे आवाक्याबाहेरचे वाटणारे महाविद्यालय वर लिहिल्याने खालचे जात नाही. मात्र २०२५-२६च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या आणि पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी व तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी जागा मिळाली तर ती स्वीकारणे बंधनकारक होते. म्हणून जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहायचे की सातव्या, हे फॉर्म पक्का करण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका समोर ठेवून, मुलाला शेजारी बसवून ठरवावे.