बेळगावातून परदेशी समुद्रकिनारी: मैत्रिणींच्या परवडणाऱ्या सहलीचे नियोजन

चोर्ला घाट उतरला की अडीच-तीन तासांत गोव्याचा समुद्र लागतो. त्यामुळे समुद्रच पाहायचा असेल तर परदेश कशाला, हा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या प्रत्येक घरात विचारला जातो, आणि तो वावगाही नाही. माझा अनुभव एवढाच आहे की घरापासून तीन तासांवर गेलेली बाई निम्मी घरातच असते. गॅसचे पुस्तक कुठे आहे इथपासून धाकट्याच्या तापापर्यंत सगळे फोन तिलाच येतात आणि दुसऱ्या दिवशी ती परत निघते. मध्ये विमान आणि समुद्र आला की घरचेही जबाबदारी वाटून घेतात आणि बाईही खऱ्या अर्थाने चार दिवस मोकळी होते. हे चार दिवस मध्यमवर्गीय मिळकतीत बसवता येतात, मात्र त्यासाठी तयारी सव्वा वर्ष आधी सुरू करावी लागते.

सर्वांत पहिला निर्णय जागेचा नव्हे, पैशाचा असतो. बहुतेक गट इथेच चुकतात. कोणीतरी समाजमाध्यमावर मालदीवची छायाचित्रे पाहते, सगळ्या हो म्हणतात आणि तीन महिन्यांनी एकेक जण घरच्या अडचणीचे कारण सांगून गळू लागते. खरी अडचण पैशाची असते आणि ती मैत्रिणींपुढे बोलून दाखवणे कोणालाच सोपे जात नाही. म्हणून गटात जिची मिळकत सर्वांत कमी आहे, तिला झेपेल तीच रक्कम सगळ्यांची मर्यादा मानावी. ती रक्कमही सर्वांसमोर विचारू नये. प्रत्येकीने आपला आकडा चिठ्ठीवर लिहून, नाव न घालता, एका डब्यात टाकावा आणि त्यातला सर्वांत लहान आकडा कोणाचा आहे याची चौकशी न करता स्वीकारावा. आम्ही चौघींनी असेच केले. सर्वांत लहान आकडा ४५,००० रुपयांचा निघाला आणि पुढचे सगळे निर्णय त्या आकड्याला धरूनच घेतले.

रक्कम जमवण्याची पद्धत आपल्याकडे आधीपासूनच आहे, ती म्हणजे भिशी. फरक एवढाच की सहलीच्या भिशीत दरमहा चिठ्ठी काढून कोणा एकीला रक्कम द्यायची नाही. महिना ३,००० रुपये प्रत्येकीने बँकेत किंवा टपाल कार्यालयात स्वतःच्याच नावावरच्या आवर्ती ठेवीत भरावेत आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी एकमेकींना पासबुक दाखवावे. पंधरा महिन्यांत ४५,००० रुपये होतात. पैसे स्वतःच्याच नावावर राहिल्यामुळे कोणाच्या घरी आजारपण आले तर ती सन्मानाने बाजूला होऊ शकते आणि मैत्रीत हिशेबाची तेढ येत नाही. मात्र तिकिटे काढल्यानंतर एखादीला येता आले नाही, तर बुडालेले पैसे तिचेच असतील, हे आधीच आणि शक्य तर कागदावर ठरवून ठेवावे. या गोष्टी आधी बोलून घेतलेल्या बऱ्या.

चौघींचा गट सर्वांत सोयीचा ठरतो, असे माझे ठाम मत आहे. दोन खोल्या, एक टॅक्सी आणि जेवणाचे एक टेबल यांत चौघी बरोबर मावतात, तर पाचवी आली की तिसरी खोली आणि मोठे वाहन लागते आणि प्रत्येकीचा वाटा वाढतो. गट ठरल्यावर त्याच चौघींनी आंबोलीमार्गे मालवणला किंवा गोकर्णला दोन रात्रींची सराव सहल जरूर करावी. पहाटे पाचला उठणारी आणि नऊपर्यंत झोपणारी एका खोलीत राहू शकतात का, कोणाला बोट लागते, कोणाला दर दोन तासांनी चहा लागतो, हे परदेशात जाऊन कळण्यापेक्षा इथेच कळलेले चांगले. आमच्यातल्या निपाणीच्या मैत्रिणीला होडीत बसताच उलट्या होतात हे मालवणलाच समजले, आणि म्हणून पुढे देवमासे पाहण्याची महागडी फेरी आम्ही यादीतून काढून टाकली.

पासपोर्टचे काम याच काळात उरकावे. बेळगावातील टपाल कार्यालयात पासपोर्ट सेवा केंद्र आहे आणि हुबळीलाही केंद्र आहे. ३६ पानी पासपोर्टचे साधे शुल्क १,५०० रुपये असून प्रौढांसाठी तो दहा वर्षे चालतो. तत्काळसाठी आणखी २,००० रुपये भरावे लागतात. ते वाचवायचे असतील तर सहा-आठ महिने आधीच अर्ज करावा. सीमाभागातल्या बायकांची खरी अडचण शुल्काची नसून कागदपत्रांची असते. माहेर गडहिंग्लज किंवा चंदगडचे, जन्मदाखला महाराष्ट्रातला आणि मराठीत, आधार कार्ड सासरचे आणि कन्नड-इंग्रजीत, अशी स्थिती आपल्यापैकी कितीतरी जणींची असते. त्यातच कर्नाटकातल्या नोंदींमध्ये सविता, सुनीता, गीता या नावांत इंग्रजी ‘टी’च्या पुढे ‘एच’ घालण्याची पद्धत आहे, तर महाराष्ट्रातल्या शाळेच्या दाखल्यावर तो ‘एच’ नसतो. हा एका अक्षराचा फरक आधी आधार, पॅन आणि शाळेचा दाखला यांत मिटवून मगच अर्ज भरावा. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललेच पाहिजे असा नियम नाही. आपली बहुसंख्य कागदपत्रे ज्या नावाने आहेत, त्याच नावाने पासपोर्ट काढणे सोयीचे असते. बेळगाव शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे बदलल्यामुळे जुन्या कागदांवर इंग्रजीत जुने आणि नव्यांवर नवे नाव असते. तेवढ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. विमानाचे तिकीट मात्र पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे आणि प्रवासाच्या दिवशी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असली पाहिजे.

आता जागा आणि ऋतू. या दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो, कारण स्वस्त तिकीट अनेकदा पावसाळ्याचे असते. पहिल्यांदाच बाहेर जाणाऱ्यांना मी श्रीलंका सुचवते. विमानाचा प्रवास लहान आहे, घड्याळ आपलेच चालते, त्यामुळे घरी फोन करताना वेळेचे गणित करावे लागत नाही, आणि भात-आमटी तर रोजच मिळते. दक्षिण-पश्चिमेकडील हिक्कडुवा, उनावटुना, मिरिस्सा हे किनारे डिसेंबर ते मार्चमध्ये शांत असतात, तर पूर्वेकडील त्रिंकोमाली आणि अरुगम बे यांचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर असतो. कोलंबो फोर्ट स्थानकाहून गालला जाणारी रेल्वे बराच वेळ अगदी समुद्राला लागून धावते आणि तिचे दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाचे तिकीट टॅक्सीच्या तुलनेत नगण्य असते. ती टॅक्सी वाचवली की एका रात्रीच्या मुक्कामाला हातभार लागतो. पोहता न येणाऱ्यांसाठी उनावटुना विशेष चांगले, कारण प्रवाळाच्या रांगेमुळे तिथले पाणी बरेच शांत राहते. गालचा डच किल्ला १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि त्याच्या तटबंदीवरून सूर्यास्त पाहायला पैसे पडत नाहीत.

थायलंडला जायचे असेल तर अंदमान समुद्राकडील फुकेत आणि क्राबीसाठी नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ धरावा. एप्रिल-मेच्या सुट्टीशिवाय ज्यांना निघताच येत नाही, अशा शिक्षिकांनी व्हिएतनामच्या दानांगचा विचार करावा. तिथे त्या महिन्यांत हवा कोरडी असते आणि जवळच होई आन हे जुने बंदर पाहता येते. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मात्र पाऊस आणि वादळे असतात, म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत तिकडे जाऊ नये. मालदीवमध्येही माफुशीसारख्या स्थानिक बेटांवर साधी अतिथिगृहे आहेत आणि ती रिसॉर्टपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात, पण तिथे ठरवून दिलेल्या किनाऱ्याखेरीज इतरत्र अंगभर कपडे घालण्याचा नियम आहे.

तारखा निवडताना मुलांच्या शाळेची सुट्टी, नाताळ आणि नववर्ष टाळता आले तर टाळावे, कारण विमान आणि खोली दोन्ही त्याच दिवसांत महाग असतात. शाळा सुरू असतानाचा, म्हणजे संक्रांतीनंतरचा आणि परीक्षांच्या आधीचा, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीमध्यापर्यंतचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. मुले शाळेत गेल्यामुळे घरातला दिवसही आपोआप मार्गी लागतो. श्रीलंकेत १३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष असते आणि त्या आठवड्यात गाड्या तुडुंब भरतात, तर दर पौर्णिमेला ‘पोया’ची सुट्टी असते. आणखी एक गोष्ट बायकाच बायकांना सांगू शकतात: मासिक पाळीच्या तारखा चौघींनी मोकळेपणाने एकमेकींना सांगाव्यात आणि चारांपैकी तिघींना तरी पाण्यात उतरता येईल असा आठवडा निवडावा.

व्हिसाचे नियम बदलत राहतात. म्हणून मागच्या वर्षी जाऊन आलेल्या वहिनीच्या सांगण्यावर विसंबू नये. तिकीट काढण्याच्या दिवशी आणि पुन्हा निघण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर नियम वाचावेत. व्हिसा लागत नसला तरी अर्ज भरावा लागू शकतो. थायलंडने १ मे २०२५ पासून आगमनाचे पत्रक पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरणे बंधनकारक केले असून ते विनाशुल्क आहे. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी आणि विनाशुल्क अर्जासाठी पैसे मागणारी खासगी पाने पुष्कळ आहेत. तिथे कार्डाचा क्रमांक टाकण्याआधी पत्ता दोनदा तपासावा.

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, आंतरराष्ट्रीय विमान नाही, त्यामुळे निघायचे कुठून हाही खर्चाचाच प्रश्न आहे. आपल्याला बेंगळुरू, मुंबई आणि गोवा हे तीन पर्याय आहेत आणि तिन्ही ठिकाणची तिकिटे घरापासूनचा खर्च धरूनच तपासावीत. बेंगळुरूला रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने सकाळी पोहोचता येते. जून २०२३ पासून कर्नाटकच्या रहिवासी महिलांना राज्यातील साध्या बसने मोफत प्रवास करता येतो, पण आराम बस आणि आंतरराज्य मार्ग त्यात येत नाहीत. मुंबई निवडणाऱ्या निपाणी-चिकोडीकडच्या मैत्रिणींनी कोल्हापूर गाठले की पुढे महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना निम्मे तिकीट पडते. गोव्यातून जाताना दाबोळी की मोपा हे तिकिटावर नीट वाचावे, कारण दोन्ही विमानतळांमध्ये बरेच अंतर आहे आणि पावसाळ्यात घाटातला वेळ सांगता येत नाही. सांबऱ्याहून वेगळ्या तिकिटाने बेंगळुरूला जाऊन त्याच दिवशी परदेशी विमान पकडण्याचा धोका पत्करू नये. पहिले विमान उशिरा आले आणि दुसरे चुकले, तर स्वतंत्र तिकिटांची भरपाई कोणी देत नाही. एक दिवस आधी पोहोचून नातेवाइकांकडे राहावे.

मुक्कामासाठी कुटुंबाने चालवलेले छोटे अतिथिगृह निवडावे आणि एकट्या किंवा गटाने राहिलेल्या बायकांनी लिहिलेले अलीकडचे अभिप्राय वाचावेत. किनाऱ्याला लागून असलेल्या खोलीपेक्षा दहा मिनिटांच्या चालीवरची खोली बरीच स्वस्त मिळते. मात्र तो रस्ता रात्री उजेडाचा आहे का, हे मालकाला विचारून घ्यावे. उतरण्याची वेळ दिवसाची निवडावी, मग त्यासाठी तिकिटाला थोडे जास्त पैसे गेले तरी हरकत नाही. ही एकच बचत मी कोणालाही करू देणार नाही.

सामानात दागिने नकोत. मंगळसूत्राखेरीज सोने घरी ठेवावे, आणि जास्त सोने घालूनच जायचे असेल तर निघताना विमानतळावरील सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना प्रश्न येत नाही. शेंगाचटणी, दशम्या आणि थोडा कुंदा पहिल्या दोन दिवसांचे जेवण वाचवतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र चेक-इन बॅगेत चालत नाहीत, कारण तेलामुळे त्या ज्वलनशील मानल्या जातात. पॉवर बँक याउलट हातातल्याच बॅगेत ठेवावी. श्रीलंकेतल्या पोल सांबोल या खोबऱ्याच्या चटणीत बहुधा सुक्या माशाचा चुरा असतो आणि थायलंडमध्ये भाज्यांतही माशाचे सॉस घालतात. शाकाहारी मैत्रिणींनी म्हणूनच दर वेळी स्पष्ट विचारावे.

खर्चासाठी एक समाईक पाकीट ठेवावे, ते रोज आळीपाळीने एकीकडे असावे आणि रात्री झोपण्यापूर्वी वहीत हिशेब मांडावा. कार्ड वापरताना यंत्र रुपयांत की स्थानिक चलनात असे विचारते. तेव्हा स्थानिक चलनच निवडावे, कारण रुपयांत रूपांतर करताना दुकानाकडचा दर सहसा महाग असतो. प्रवास विमा काढावा. ती रक्कम वाचवण्यासारखी नाही. पाण्यात उतरताना लाल बावटा असेल तर उतरू नये आणि एकजण कायम वाळूवर थांबावी. पाण्याचा ओढा आत खेचू लागला तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, किनाऱ्याला समांतर सरकावे. श्रीलंकेत रुग्णवाहिकेसाठी १९९० आणि पोलिसांसाठी ११९, तर थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांसाठी ११५५ हे क्रमांक कागदावर लिहून प्रत्येकीच्या पर्समध्ये ठेवावेत, कारण फोनची बॅटरी अडचणीच्या वेळीच संपते.

पासपोर्ट, तिकीट, विमा आणि मुक्कामाचा पत्ता यांच्या प्रती घरी एका पाकिटात ठेवून द्याव्यात आणि रोज रात्री ठरल्या वेळी एकच फोन करावा. परतल्यावर समाईक पाकीट घरी येईपर्यंत तसेच ठेवू नये. आम्ही बेंगळुरूच्या स्थानकावर, गाडी लागायला तास होता तेव्हा, वही उघडून शेवटचा हिशेब केला. जे थोडे पैसे उरले त्यांत चौघींनी तिथेच मसाला डोसा आणि कॉफी घेतली, आणि वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर खानापूरच्या मैत्रिणीने नव्या भिशीचा पहिला महिना लिहून टाकला.