घरात कुत्र्याचे फोटो काढायचे आहेत? आधी खिडकी शोधा

नवा कॅमेरा घरी आला की पहिला फोटो कुणाचा काढायचा हे ठरवावं लागत नाही. कुत्रा समोरच असतो. आणि पहिल्या दिवसाचे फोटो जवळजवळ सगळ्यांचे सारखेच येतात: शेपटीच्या जागी पुसट पट्टा, नाक स्वच्छ पण डोळे धुरकट, सगळ्या अंगावर पिवळी झाक. आमची कुत्री काळीभोर आहे. माझ्या पहिल्या फोटोंत तिचा चेहराच दिसत नव्हता, काळ्या केसांत डोळे हरवून गेले होते. मोबाइलवर ती बरी दिसायची, मग एवढ्या मोठ्या कॅमेऱ्यात का नाही, हे मला कळत नव्हतं.

मोबाइल एका क्षणात अनेक फोटो घेऊन, ते एकत्र करून, उजळून आपल्याला देतो. कॅमेरा बहुतेक वेळा एकच फोटो घेतो आणि बाकीचे निर्णय आपल्यावर सोडतो. त्यात घरात प्रकाश फारच कमी असतो. भर उन्हात साधारण १ लाख लक्स (प्रकाश मोजण्याचं एकक) प्रकाश असतो, तर रात्री दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत जेमतेम शे-दीडशे. आपले डोळे सरावतात म्हणून हा फरक जाणवत नाही, कॅमेऱ्याला मात्र तो लगेच जाणवतो. म्हणून मेनूतली बटणं शोधण्याआधी प्रकाश शोधा.

खिडकीपाशी जागा तयार करा

दिवसा घरातली सर्वांत मोठी खिडकी निवडा. ऊन थेट आत येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढून घ्या, म्हणजे प्रकाश मऊ होतो. मग हाताची मूठ वळून खिडकीजवळ धरा आणि हळूहळू खोलीच्या आत न्या. मुठीचा उजेड किती भराभर कमी होतो ते नीट बघा. खिडकीपासून हातभर अंतरावर मिळणारा प्रकाश तीन मीटर आत शोधून सापडत नाही. कुत्र्याची चटई किंवा त्याचं आवडतं अंथरूण खिडकीपासून साधारण एक मीटरवर टाका.

आता तुमची जागा. खिडकी कुत्र्याच्या मागे आली तर तो काळी आकृती होऊन जाईल. तुम्ही खिडकीच्या कडेला, भिंतीशी बसा आणि कुत्र्याचं तोंड थोडं खिडकीकडे, थोडं तुमच्याकडे असू द्या. असा तिरपा उजेड आला की केसांचा पोत दिसतो आणि डोळ्यांत खिडकीचं छोटं प्रतिबिंब चमकतं. त्या एका ठिपक्याने चेहऱ्यात जीव येतो. गडद डोळ्यांच्या कुत्र्यांत तर तो नसेल तर फोटो निस्तेजच वाटतो. चेहऱ्याची दुसरी बाजू फार काळवंडत असेल तर त्या बाजूला पांढरी चादर टांगा किंवा पांढरा पुठ्ठा उभा करा.

खोलीतले दिवे बंद करा. हे लोकांना उलटं वाटतं, कारण उजेड तर वाढवायचा असतो. पण पिवळ्या बल्बचा प्रकाश साधारण २७०० ते ३००० केल्व्हिनचा (प्रकाशाचा रंग मोजण्याचं एकक, आकडा कमी तितका प्रकाश पिवळा) आणि दिवसाचा साधारण ५५०० केल्व्हिनचा असतो. दोन्ही एकत्र आले की एक कान निळसर आणि एक नारिंगी दिसतो, आणि ते नंतर दुरुस्त करणं जिकिरीचं असतं.

कॅमेरा आधी कुत्र्याला दाखवा

पुष्कळ कुत्र्यांना लेन्स आवडत नाही. मोठा, काळा, रोखून बघणारा डोळा आणि त्यामागे मालकाचा लपलेला चेहरा, हे त्यांना विचित्र वाटतं. कॅमेरा जमिनीवर ठेवा, लेन्सला झाकण असू द्या, त्याला वास घेऊ द्या. मग दोन-चार वेळा नुसतं शटर दाबा आणि प्रत्येक आवाजानंतर खाऊ द्या. एखादा दिवस एवढंच केलंत तरी चालेल.

कुत्रा मान फिरवतो, भूक नसताना ओठ चाटतो, सारख्या जांभया देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, तेव्हा तो अस्वस्थ असतो. तिथे थांबा. त्याला धरून बसवून काढलेला फोटो मला आजवर एकही आवडलेला नाही, त्याची नाराजी त्यात स्पष्ट दिसते. फिरून आल्यावरची, थोडी दमलेली, पोट शांत असलेली वेळ सर्वांत चांगली.

शटर स्पीड आधी ठरवा

फोटो हलतो तो शटर जास्त वेळ उघडं राहतं म्हणून. कुत्रा नुसता बसलेला असला तरी त्याचं डोकं, कान, श्वास चालूच असतात. बसलेल्या, पण जागरूक कुत्र्यासाठी शटर स्पीड (शटर उघडं राहण्याचा वेळ) १/२५० सेकंद ठेवा. तो चेंडू किंवा खेळणं घेऊन उड्या मारत असेल तर किमान १/५००, शक्य असेल तर १/१०००. कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असेल तर ते तुमच्या हाताचं हलणं सावरतं, कुत्र्याचं हलणं नाही. इथे बरेच जण फसतात.

सगळ्यात सोपी सुरुवात अशी: डायल 'एस' वर (काही कॅमेऱ्यांत 'टीव्ही' वर) न्या, १/२५० निवडा, आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील राहील तो आकडा) ऑटोवर टाका आणि त्याची कमाल मर्यादा ६४०० ठेवा. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) कॅमेरा स्वतः निवडेल. आयएसओ वाढला की फोटोत दाणे दिसतात, त्याची भीती बाळगू नका. दाणे सॉफ्टवेअरमध्ये कमी करता येतात, पण हललेला डोळा पुन्हा स्थिर होत नाही. ६४०० गाठूनही फोटो काळा येत असेल तर चटई खिडकीच्या आणखी जवळ सरकवा.

कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ मिमीची लेन्स झूम पूर्ण केल्यावर बहुधा एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). घरात हीच लेन्स वापरायची तर झूम कमी ठेवून जवळ जा, कारण १८ मिमीला तिचं अ‍ॅपर्चर साधारण एफ/३.५ असतं. फक्त कुत्र्याच्या नाकाला अगदी चिकटून काढू नका, नाक मोठं आणि कान छोटे दिसतात. पुढे कधी दुसरी लेन्स घ्यायची झाली तर एफ/१.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स घ्या. एफ/५.६ च्या तुलनेत ती जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. छोट्या सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमीने खोलीत मागे सरकायला जागा उरत नाही, तिथे ३५ मिमी जास्त सोयीची.

पण एफ/१.८ ला एक किंमत असते. छोट्या सेन्सरवर ५० मिमीची लेन्स लावून दीड मीटरवरून एफ/१.८ ला फोटो काढला तर फोकसमध्ये येणारा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटरचा असतो. लांब तोंडाच्या कुत्र्याचं नाक आणि डोळे यांतलं अंतर त्याहून जास्त भरतं, म्हणूनच नाक धारदार आणि डोळे धूसर येतात. अशी लेन्स असेल तर डायल 'एम' वर न्या, एफ/२.८ किंवा एफ/४ आणि १/२५० स्वतः निवडा, आयएसओ मात्र ऑटोच राहू द्या.

फोकस डोळ्यावरच

फोकस सतत चालू राहणाऱ्या प्रकारावर ठेवा. कंपनीनुसार त्याला एएफ-सी किंवा सर्व्हो म्हणतात. अलीकडच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत प्राण्यांचे डोळे ओळखण्याची सोय असते, ती मेनूत माणूस सोडून प्राण्यावर आणावी लागते. काळ्या किंवा झुपकेदार केसांच्या कुत्र्यात ती कधी कधी चुकते. तेव्हा फोकसचा एकच छोटा चौकोन निवडा आणि तो तुमच्या जवळच्या डोळ्यावर ठेवा. फोकसला मदत म्हणून लागणारा छोटा नारिंगी दिवा मेनूतून बंद करा, तो थेट कुत्र्याच्या तोंडावर पडतो.

बर्स्ट (एकापाठोपाठ एक फोटो घेण्याची सोय) लावा, पण बोट दाबून ठेवू नका. तीन-चार फोटोंचे छोटे झटके पुरतात. नाहीतर संध्याकाळी सहाशे फोटोंतून एक निवडताना जीव मेटाकुटीला येतो.

काळा कुत्रा, पांढरा कुत्रा

समोरचं सगळं दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून कॅमेरा उजेड मोजतो. काळ्या कुत्र्याने चौकट भरली की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो फोटो उजळतो. केस राखाडी होतात, मागची भिंत पांढरीफटक. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) -०.७ च्या आसपास न्या. पांढऱ्या कुत्र्याला उलट, +०.७ ते +१, नाहीतर तो मळकट दिसतो.

काळा कुत्रा चौकटीत छोटा आणि मागची भिंत उजळ असेल तर मात्र हा हिशेब पालटतो. मग कॅमेरा भिंतीला धरून मोजतो आणि कुत्रा काळा गोळा होतो. माझ्या पहिल्या फोटोंत नेमकं हेच झालं होतं, सोफ्यामागची भिंत पांढरी होती. तेव्हा कॉम्पेन्सेशन अधिककडे न्यावं लागतं. आकडा पाठ करण्यापेक्षा स्क्रीनवर फोटो मोठा करून गालावरचे केस वेगवेगळे दिसतात का ते बघा. आणि फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) साठवा, त्यात सावलीतले तपशील नंतर पुष्कळ उजळता येतात.

खाली बसा

उभ्याने, वरून काढलेल्या फोटोत कुत्र्याचं डोकं मोठं, पाय आखूड आणि मागे नुसती फरशी दिसते. कोपरांवर टेकून पालथे पडा आणि लेन्स त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. मागे काय येतंय तेही बघून घ्या: चार्जरची वायर, चपला, बादली. कुत्रा मागच्या भिंतीपासून जितका पुढे असेल तितकी मागची बाजू पुसट होते.

त्याने लेन्सकडे बघावं म्हणून सतत हाका मारू नका. नाव ऐकलं की तो उठून तुमच्याकडे येईल, आणि लेन्सवर ओलं नाक टेकेल (मऊ कापड खिशात असू द्या). आधी फोकस जुळवा, बोट शटरवर ठेवा, आणि मग एकच वेगळा आवाज काढा: शिट्टी, चुटकी, खेळण्याचा चिवचिवाट. कान ताठ होतात, कधी मान तिरकी होते. हे दोन-तीनदाच घडतं, नंतर त्याच आवाजाकडे तो ढुंकूनही बघत नाही. म्हणून आवाज जपून वापरा. दुसरं कुणी घरात असेल तर खाऊ त्यांच्या हातात द्या आणि त्यांना तुमच्या डोक्यामागे बसवा.

रात्रीचं काय

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ मारू नका. कुत्र्याच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, अंधारात त्याला बरं दिसतं ते त्यामुळेच. फ्लॅश त्यावरून उलटतो आणि डोळे हिरवे-पिवळे चमकतात. वेगळा फ्लॅश असेल तर त्याचं तोंड पांढऱ्या छताकडे करा. पण कुत्रा दचकत असेल तर तोही नको.

एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे काळे पट्टे आले तर दिव्याच्या लुकलुकण्यामुळे येतात, बिनआवाजाच्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये जास्त. मेकॅनिकल शटर वापरा आणि वेग १/१०० वर आणा. वीजपुरवठा ६० हर्ट्‌झचा असेल तर १/१२५ वर.

पहिला सराव झोपलेल्या कुत्र्यावर

हे सगळं एकदम जमत नाही. कुत्रा खिडकीपाशी झोपला असेल तेव्हा सुरुवात करा. घाई नसते, खाऊ लागत नाही, आणि एकेक आकडा बदलून काय होतं ते निवांत बघता येतं. शटर १/६० पर्यंत खाली आणा, आयएसओ कमी होईल आणि केस मखमलीसारखे दिसतील. नुसता चेहरा नको. दुमडलेला कान, मिशा, पंज्यांच्या गाद्या, पोटावरची केसांची भोवरी, हे सगळं इतक्या जवळून एरवी तो कधी दाखवणार? स्वप्नात त्याचे पाय धावायला लागले की १/६० पुरणार नाही, तेव्हा पुन्हा १/२५० वर या.