अनोळखी डिव्हाइसवरचं लॉगिन पकडणारी क्वेरी: चालू करण्याआधीची तयारी

साइन-इन लॉगमधल्या, म्हणजे लॉगिनच्या नोंदींमधल्या, ज्या ओळीत डिव्हाइस-आयडीचा (मशीनच्या ओळख क्रमांकाचा) रकाना रिकामा आहे, ती ओळ ओळखीच्या डिव्हाइसांच्या यादीत जाता कामा नये. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी करा. मागच्या वेळी मी नेमकं हेच विसरलो. आमच्या संस्थेच्या लेखा विभागातला एक मेलबॉक्स परका माणूस निवांत वाचत बसला, क्वेरी दर तासाला धावत होती आणि अलार्म एकदाही वाजला नाही.

आता क्रमाने. मायक्रोसॉफ्ट एंट्राचे (खाती आणि लॉगिन सांभाळणाऱ्या सेवेचे) लॉग सेंटिनेलमध्ये (मायक्रोसॉफ्टच्याच लॉग तपासून अलार्म देणाऱ्या सेवेत) आणून त्यावर क्वेरी चालवायची, असं धरून लिहितोय. परवाने आधी बघा. शाळा-कॉलेजांना फुकट मिळणाऱ्या ए-वन योजनेत साइन-इन लॉग सातच दिवस दिसतात आणि ते लॉग बाहेर पाठवायला एंट्राचा पी-वन परवाना लागतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ ए-थ्रीमध्ये तो येतो. संस्थाचालकांना हे पटवायला जेवढा वेळ लागेल तेवढा धरूनच वेळापत्रक बनवा, मी काही बोलत नाही.

लॉग कुठे पाठवायचे ते ठरवणाऱ्या एंट्राच्या डायग्नॉस्टिक सेटिंगमध्ये साइन-इन लॉगची खूण केली की काम झालं असं वाटतं. झालेलं नसतं. त्याच्याच खाली नॉन-इंटरॅक्टिव्ह साइन-इनची (माणसाने काही न टाकता मागच्या मागे होणाऱ्या लॉगिनची) वेगळी खूण आहे, तीही करा. चोरलेलं टोकन (एकदा लॉगिन झाल्यावर मिळणारा डिजिटल पास) वापरून कुणी आत येतो तेव्हा तो पासवर्ड टाकत नाही, ओटीपी मागत नाही. त्याची ये-जा बहुधा या दुसऱ्या खुणेने येणाऱ्या टेबलात दिसते. हे टेबल पहिल्याच्या कितीतरी पट फुगतं आणि बिलही त्यासोबत फुगतं, म्हणून लोक ते टाळतात. टाळू नका. आणखी एक खोच आहे. पहिल्या टेबलात डिव्हाइसचा तपशील उकललेला असतो, दुसऱ्यात तोच तपशील साध्या मजकुरासारखा बांधून ठेवलेला असतो. तो जेसन (नाव आणि किंमत अशा जोड्यांत माहिती लिहायची पद्धत) म्हणून सोडवून घ्या, मगच दोन्ही टेबलं जोडा. तसंच जोडलंत तर दुसऱ्या टेबलाच्या सगळ्या ओळींचा आयडी रिकामा दिसेल, आणि रिकाम्या आयडीचं काय होतं ते खाली येतंच आहे.

लॉग किती दिवस ठेवायचे यावर वाद घालू नका. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आहेत, तेही भारतात. सेंटिनेलमध्ये पहिले ९० दिवस वेगळे पैसे पडत नाहीत, पुढच्या मुदतीचे पडतात. वर्कस्पेस (लॉग साठवायची जागा) बनवताना रीजन, म्हणजे सर्व्हरचं ठिकाण, सेंट्रल इंडिया घ्या, ते पुण्यात आहे. हे एकदा चुकलं की नवीन वर्कस्पेस करावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. क्वेरीचा गाभा सोपा आहे. मागच्या काही आठवड्यांत कोणत्या वापरकर्त्याने कोणत्या डिव्हाइसवरून लॉगिन केलं त्याच्या जोड्या काढायच्या, आजच्या लॉगिनशी ताडून पाहायच्या, आणि लेफ्ट-अँटी जॉइनने आधी न दिसलेल्या जोड्या तेवढ्या उरवायच्या. वाचायला छान वाटतं. पण डिव्हाइस-आयडी फक्त एंट्रामध्ये नोंदवलेल्या मशीनलाच असतो. नोंदणी नसलेल्या मशीनवरून लॉगिन झालं की तो रकाना रिकामा येतो. आणि केक्यूएलमध्ये, म्हणजे सेंटिनेलच्या क्वेरीच्या भाषेत, रिकामा मजकूर म्हणजे ‘माहीत नाही’ नव्हे. ती एक किंमतच असते, रिकामं हे रिकाम्याशी बरोबर जुळतं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुमच्याकडचे प्राध्यापक प्रश्नपत्रिकेची प्रिंट काढायला कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातात, तिथल्या कॉम्प्युटरवर मेल उघडतात, फाइल डाउनलोड करतात, पेन ड्राइव्ह विसरून येतात. त्या लॉगिनचा आयडी रिकामा. ती ओळ यादीत गेली की ‘हे सर, रिकामं’ अशी एक ओळखीची जोडी तयार झाली. त्यानंतर जगातल्या कोणत्याही नोंदणी नसलेल्या मशीनवरून त्या सरांच्या नावाने कुणीही आत आला तरी जोडी जुळते. क्वेरी म्हणते, हे डिव्हाइस तर नेहमीचंच. चोराचं मशीन तुमच्या एंट्रामध्ये नोंदवलेलं नसतंच. म्हणजे ज्याला पकडायचं त्यालाच हमखास सूट.

आणि फक्त झेरॉक्सचं दुकान नाही. विंडोजवर क्रोममधून लॉगिन केलं तर नोंदवलेल्या मशीनचाही आयडी बऱ्याचदा रिकामाच येतो. क्रोमला तो आपोआप पाठवता येत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं सिंगल साइन-ऑन एक्स्टेंशन टाकावं लागतं किंवा क्रोम १११ पासून आलेली क्लाउड-एपी-ऑथची पॉलिसी चालू करावी लागते. इन्कॉग्निटो विंडोमध्ये तर एरवीही आयडी जात नाही. त्यामुळे पहिलं काम, ही पॉलिसी ऑफिसच्या सगळ्या मशीनवर ढकला आणि रिकाम्या ओळी किती कमी होतात ते बघा. दुसरं, यादी बनवणाऱ्या भागात इझ-नॉट-एम्प्टीची (रकाना रिकामा नसावा अशी) अट घाला. तिसरं, ती अट घातली आहे हे दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. स्वतःचं लिहिलेलं स्वतःला बरोबरच दिसतं.

अट फक्त यादीच्या भागात घालायची, हेही सांगून ठेवतो. आजच्या लॉगिनच्या भागातही घातलीत तर रिकाम्या ओळी तिथूनच गळून जातील आणि चोर पुन्हा मोकळा. हुशार माणसंसुद्धा ‘स्वच्छता’ म्हणून दोन्हीकडे अट घालतात.

मग रिकाम्या ओळींचं करायचं काय? सगळ्यांवर अलार्म लावला तर दुपारपर्यंत फोन बंद करून बसाल. त्यांच्यासाठी वेगळी क्वेरी करा आणि आयडीच्या जागी तीन गोष्टींची जोडणी घ्या: ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर आणि एएसएन (इंटरनेट पुरवणाऱ्या नेटवर्कचा क्रमांक). ब्राउझरचं नाव घेताना पुढचा आवृत्ती क्रमांक कापून टाका. क्रोमची नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते. क्रमांक ठेवलात तर दर वेळी अख्खी संस्था अनोळखी ठरेल. आयफोनच्या बाबतीत सिस्टिमचा आवृत्ती क्रमांकही कापा. विंडोज ११ बऱ्याचदा विंडोज १० म्हणूनच दिसतं, त्यावर डोकं शिणवू नका. ही जोडणी पक्की ओळख नव्हे. चोरही क्रोम आणि विंडोजच वापरतो, फक्त त्याचं नेटवर्क बहुधा वेगळं निघतं. म्हणून एएसएन विसरू नका.

शहरावर मात्र भरवसा ठेवू नका. मोबाइल डेटावर असलेला भोकरदनचा माणूस लॉगमध्ये मुंबईत दिसू शकतो, आणि तासाभराने पुण्यात. ‘एवढ्या वेळात एवढा प्रवास अशक्य’ छापाचे नियम आमच्याकडे याच कारणाने रोज ओरडायचे. देश पाहा, शहर सोडून द्या.

यादी कोणत्या काळाची घ्यायची? परीक्षा, प्रवेश आणि पगारपत्रक हे तिन्ही ज्यात येतील असा काळ घ्या. दिवाळीच्या सुटीतला घेतलात तर निम्मी माणसं गावी मोबाइलवर असतात, ऑफिसचं मशीन यादीत येणारच नाही. मराठवाड्यात १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन असतो, आमच्याकडे त्या दिवशी सुटी असते. त्या दिवशी ऑफिसच्या मशीनवरून कुणी दिसला तर त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला हरकत नाही, पण यादीसाठी तो दिवस निरुपयोगी. वेळेचं म्हणाल तर लॉगमधली वेळ यूटीसी असते. आपल्या सकाळचे दहा तिथे पहाटेचे साडेचार असतात. साडेपाच तास मिळवल्याशिवाय ‘रात्री-अपरात्री लॉगिन’ असा नियम लिहू नका, सगळे सकाळचे क्लार्क त्यात सापडतील.

सेंटिनेलचा ठरावीक वेळेने धावणारा नियम जास्तीत जास्त १४ दिवस मागे पाहतो. क्वेरीत तुम्ही ३० किंवा ६० लिहिलंत म्हणून तो मागे जात नाही. त्यामुळे यादी वेगळी बनवून वॉचलिस्टमध्ये (सेंटिनेलमध्ये साठवून ठेवता येणाऱ्या यादीत) ठेवा आणि नियमाने तिच्याशी ताडून पाहावं. वॉचलिस्टमध्ये टाकण्याआधी रिकामे आयडी काढलेत ना? फाइल एक्सेलमध्ये उघडून फिल्टर लावा आणि ब्लँक दिसतंय का ते डोळ्यांनी बघा. ब्लँक दिसलं तर थांबा.

यशस्वी लॉगिनचा निकाल शून्य असतो, पण तो मजकूर म्हणून साठवलेला असतो, अंक म्हणून ताडू नका. ५०१२६ म्हणजे चुकीचा पासवर्ड. यादीत फक्त यशस्वी लॉगिन घ्या, नाहीतर दार ठोठावणारासुद्धा ओळखीचा होऊन बसेल. नव्या माणसाचं पहिल्या आठवड्यातलं सगळंच अनोळखी असतं, त्याला वेगळं काढा. मशीन फॉरमॅट मारून पुन्हा जोडलं की आयडी नवा येतो. म्हणून हार्डवेअरवाल्या पोराला सांगून ठेवा, फॉरमॅट मारायच्या आधी कळव.

चाचणी. इथेच माझी फसगत झाली. मी नवाकोरा लॅपटॉप एंट्राला जोडला, लॉगिन केलं, अलार्म वाजला आणि सगळे खूश. जोडलेल्या लॅपटॉपला आयडी होता, तो नवा होता, मग वाजणारच. नोंदणी नसलेल्या मशीनवरून कुणी पाहिलंच नाही. तुम्ही चाचणी घरच्या कॉम्प्युटरवरून करा, इन्कॉग्निटोमध्ये करा, झेरॉक्सच्या दुकानातून करा. आयडी रिकामा असलेल्या लॉगिनवर अलार्म वाजत नसेल तर बाकीच्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या तरी क्वेरी नापास समजा.

अलार्म वाजला की आधी त्या माणसाला फोन करा, मेल नको, मेल चोर वाचतोय. ‘मॅडम, आत्ता दहा मिनिटांपूर्वी कुठून लॉगिन केलंत?’ एवढंच विचारा. ‘झेरॉक्सवाल्याकडून’ असं उत्तर आलं तर नोंद करून सोडा. ‘मी तर स्वयंपाकघरात आहे’ असं आलं तर सगळी सेशन रद्द करा, पासवर्ड बदला, एमएफएमध्ये (पासवर्डनंतरच्या दुसऱ्या पडताळणीत) नवा फोन जोडलाय का बघा आणि मेलबॉक्सचे नियम उघडा. आमच्याकडे नावाच्या जागी नुसता टिंब असलेला एक नियम सापडला, बिलांच्या मेल तो आउटलुकमधल्या ‘आरएसएस फीड्स’ या सहसा कुणी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये ढकलत होता. सेशन रद्द केलं तरी चोराच्या हातात असलेलं ॲक्सेस टोकन तास-दीड तास चालू शकतं, तेवढा वेळ लक्ष ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. सर्ट-इनला कळवायची मुदत लक्षात आल्यापासून ६ तास.

अलार्म कुणाच्या फोनवर येणार आणि तो रजेवर असताना कुणाच्या, ते लिहून ठेवा. यादी दर आठवड्याला ताजी होऊ द्या. आणि ती ताजी झाली की लगेच धावणारी एक ओळीची वेगळी क्वेरी लावा: वॉचलिस्टमध्ये रिकामे आयडी किती? उत्तर शून्य यायला हवं. एक जरी आला तरी यादी पुसून पुन्हा बनवा.