मध्यम राखाडी रंग लावताय? या चुका टाळा

राखाडी म्हणजे काळा आणि पांढरा, एवढंच धरून चाललो की घोळ तिथूनच सुरू होतो. बहुतेक राखाडी रंगांत थोडा निळा, हिरवा, जांभळा किंवा तपकिरी मिसळलेला असतो. छोट्या पट्टीवर ही झाक कळत नाही. भिंतभर रंग लागला की मात्र डोळ्यांना तीच आधी दिसते.

आमच्या झोपायच्या खोलीत मी असाच एक राखाडी लावून घेतला होता. दुपारी भिंत अगदी दगडासारखी शांत दिसायची आणि संध्याकाळी दिवा लागला की जांभळट मारायची. कोपऱ्यात तर जास्तच, कारण तिथे दोन भिंती एकमेकींवर रंग टाकतात. आधी मला वाटलं, डबाच चुकीचा आला. कोड ताडून पाहिला तर बरोबर होता. शेडकार्डवरच्या दोन बोटं रुंद पट्टीवरून मी निर्णय घेतला, ती खरी चूक.

म्हणून पट्टी कधीच एकटी पाहू नका. कोऱ्या पांढऱ्या कागदावर ती आणि शेजारी आणखी तीन-चार राखाडी ठेवा. कुठला निळा मारतोय, कुठला हिरवा, लगेच उघडं पडतं. मग आवडलेल्या रंगाचे दोन हात एका मोठ्या पुठ्ठ्यावर मारा, कडेला पांढरी पट्टी सोडा, आणि पूर्ण वाळल्यावर तो पुठ्ठा सकाळ, दुपार, रात्र वेगवेगळ्या भिंतींना टेकवून पाहा. नमुना थेट जुन्या भिंतीवर लावू नका. आजूबाजूला पिवळट रंग असेल तर मधला राखाडी उगाच निळसर भासतो.

रंग लागून गेलाय आणि आता खटकतोय? पुन्हा रंगवायच्या आधी बल्ब बदलून बघा. ६५०० केल्विनचा पांढरा दिवा राखाडीला थंड, निळसर करतो. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर प्रकाश त्याला ऊब देतो. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा, ९० किंवा त्याहून जास्त असेल तर उत्तम. कितीतरी भिंती एवढ्यानेच सुधारतात.

खोलीत उजेड कमी असेल तर रंगाचा एलआरव्ही विचारा. काळ्याला ० आणि पांढऱ्याला १०० धरून, रंग किती प्रकाश परत फेकतो हे तो आकडा सांगतो. लहान खिडकीच्या खोलीत कमी आकड्याचा राखाडी मळकट दिसतो आणि भिंत धुऊनही तो मळकटपणा जात नाही.

भिंत राखाडी, सोफा राखाडी, पडदेही राखाडी, हे मात्र करू नका. सगळं एकमेकांत विरघळून जातं. लाकूड, ताग, गव्हाळ कापड असं काहीतरी उबदार शेजारी हवंच. दारं-चौकटींचा पांढराही भिंतीच्या रंगाजवळ धरून निवडा, कारण पिवळट पांढरा निळसर राखाडीशेजारी जुनाट दिसतो.

भिंत उंचसखल असेल तर मॅटच घ्या. चकचकीत फिनिशमध्ये पुट्टीचा प्रत्येक ठिगळ दिसतो. पुट्टी भरलेल्या जागी प्रायमर चुकवलात तर तिथे रंग वेगळाच शोषला जातो आणि डाग उमटतात. एका भिंतीला दोन डबे लागणार असतील तर दोन्ही आधी मोठ्या बादलीत एकत्र करा. उरलेला रंग कोड लिहून ठेवा आणि पुढे ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी ब्रश न फिरवता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला एक हात द्या.