गार्ड मिडलचा, पण डोकं कुठे? फलंदाजीतल्या या चुका टाळा

नेटवर नवीन मुलगा आला की मी त्याला पहिला प्रश्न हाच विचारतो, "गार्ड कुठला घेतोस?" म्हणजे लेग (पायांच्या बाजूचा), मिडल आणि ऑफ (पलीकडचा) यांतल्या कुठल्या स्टंपसमोर बॅट टेकवून उभा राहतोस. उत्तर पटकन येतं, "मिडल-लेग, सर." मग विचारतो, "का?" इथे गाडी अडते. कुणी म्हणतं आधीच्या सरांनी सांगितलं, कुणी म्हणतं दादा घेतो, कुणी आयपीएलमधल्या आवडत्या खेळाडूचं नाव सांगतं. "तिथे उभा राहिलो की माझे डोळे ऑफ स्टंपच्या रेषेत येतात," असं उत्तर मला इतक्या वर्षांत दोनच मुलांकडून मिळालंय.

दसऱ्याच्या आसपास पाऊस उघडतो, मैदानं वाळतात, पुण्यातली सगळी नेट्स पुन्हा भरतात आणि दरवर्षी मला त्याच चुका नव्याने बघाव्या लागतात. यातल्या बऱ्याचशा चुकांचा हाताच्या ताकदीशी किंवा टॅलेंटशी काहीही संबंध नसतो. मुलगा पहिला बॉल खेळण्याआधीच त्या झालेल्या असतात.

उसना गार्ड

गार्ड घ्यायचा तो आपला ऑफ स्टंप कुठे आहे हे न बघता कळावं म्हणून. स्टंप पाठीमागे असतात. बॉल येत असताना मान वळवून बघायची सोय नाही. ताशी 120 किलोमीटरचा बॉल हातातून सुटल्यापासून तुमच्यापर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात 'हा खेळू की सोडू' हे ठरवायचं, तर मोजायला एक पक्की जागा हवी. ती जागा म्हणजे तुमचे डोळे, आणि ते कुठे येणार हे गार्ड ठरवतो.

तिन्ही स्टंप मिळून रुंदी फक्त 9 इंच. लेग स्टंपच्या मध्यापासून मिडलच्या मध्यापर्यंत चार इंचांना थोडं कमीच अंतर भरतं. बॅट जास्तीत जास्त सव्वाचार इंच रुंद असते. म्हणजे गार्ड लेगवरून मिडलवर नेला की तुम्ही जवळजवळ एका बॅटीच्या रुंदीएवढे सरकता. बॅटीच्या कडेला लागून स्लिपमध्ये जाणारा बॉल आणि बॅटीच्या बाहेरून जाणारा बॉल, यांच्यात याहून कमी फरक असतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या सोळा वर्षांखालच्या संघात सिंहगड रोडवरून येणारा एक ओपनर होता. हात सुंदर, टायमिंग असं की नेटच्या बाहेर उभे असलेले पालक बोलणं थांबवून बघायचे. टीव्हीवर कुणाला तरी जागा करून ऑफला फटके मारताना बघितलं आणि याने लेग स्टंपचा गार्ड सुरू केला. नेटमध्ये काम भागलं, कारण तिथे स्लिप नसते. मॅचमध्ये लागोपाठ तीनदा तो दहाच्या आत गेला. दोनदा किपरकडे, एकदा पहिल्या स्लिपला. तिन्ही बॉल सोडायचे होते. घरून सल्ला आला, "पुढे सरक, ऑफ स्टंपचा गार्ड घे." पुढच्या मॅचला त्याने मला न विचारता तसं केलं. सहाव्या बॉलला पायचीत, आणि त्याच्या पुढच्या मॅचला पायांमागून लेग स्टंप गेला. महिन्याभरात मुलाने बॅट खाली ठेवायची भाषा सुरू केली.

तेव्हा मी जे केलं ते आजही प्रत्येकाला करायला लावतो. नॉनस्ट्रायकरकडच्या मधल्या स्टंपमागे कमरेच्या उंचीवर मोबाईल धरला आणि त्याचा व्हिडिओ घेतला. बोलरच्या हातातून बॉल सुटतो त्या क्षणी तो थांबवला आणि ऑफ स्टंपवरून सरळ उभी पट्टी लावून बघितली. लेगचा गार्ड असताना त्याचे डोळे मिडलच्याही आत, लेगच्या बाजूला होते. म्हणजे ऑफ स्टंपच्या जरा बाहेरचा बॉल त्याला हातभर लांब दिसायचा आणि तो हात लांबवून तिथे पोचायला जायचा. ऑफचा गार्ड घेतल्यावर डोळे ऑफ स्टंपच्याही बाहेर. अंगावर येणारा सरळ बॉल त्याला लेगला चाललाय असं वाटायचं आणि तो आडवी बॅट घालायचा. मुलगा तोच, चूक तीच, फक्त बाजू बदलली. मिडलचा गार्ड दिला आणि डोळे बरोबर ऑफ स्टंपवर आले. तुमच्या मुलाचे कदाचित मिडल-लेगला येतील. उंची, खांदे, वाकण्याची सवय, सगळं वेगळं असतं. म्हणून कुणाचाही गार्ड उसना घेऊ नका.

आणि व्हिडिओ बॉल सुटतानाचाच घ्या. स्टान्समध्ये शांत उभं असतानाच्या फोटोला अर्थ नाही, कारण बहुतेक मुलं बोलरच्या शेवटच्या पावलाबरोबर कुठे ना कुठे हलतात.

नुसता गार्ड बदलून काम झालं नाही. पुढचा महिनाभर त्याला रोज सुरुवातीला तीस बॉल फक्त सोडायला लावले. ऑफ स्टंपपासून पुढे सरळ सुतळी ताणायची, सिमेंटची विकेट असेल तर खडूची रेघ मारायची. सुतळीच्या बाहेरचा बॉल सोडायचा, आतला खेळायचा, आणि सोडताना बॅट कशी वर घेतली तेही बघायचं. आठव्या बॉलला त्याचे हात शिवशिवायला लागले. सगळ्यांचेच लागतात. "सर, मारू का?" "नाही." मला त्या क्षणी मुलाचा राग येत नाही, काळजी वाटते. ज्याला बॉल सोडणं म्हणजे काहीच न करणं वाटतं, त्याने अजून फलंदाजी सुरूच केलेली नाही. सचिन तेंडुलकर 2004 च्या जानेवारीत सिडनीला नाबाद 241 खेळला, ते कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवून. त्या दौऱ्यात ऑफ स्टंपबाहेर तो सारखा बाद होत होता, म्हणून त्याने तो फटकाच बंद केला. जगात ज्याचा ड्राइव्ह सर्वांत देखणा, तो डावभर तो मारत नाही, आणि आपला चौदा वर्षांचा मुलगा तीस बॉल सोडू शकत नाही!

त्या मुलाने महिन्याने मॅटवर, नव्या बॉलसमोर दोन तास काढले आणि 38 केल्या. शतकं खूप बघितली, पण ते 38 मला बॉल न् बॉल आठवतात.

डोकं पडणं

ही माझ्या दृष्टीने सर्वांत महागडी चूक, कारण ती खेळणाऱ्याला स्वतःला कधीच कळत नाही. बॉल सरळ येतो, पुढचा पाय बॉलकडे न जाता आडवा मिडल-ऑफवर पडतो, डोकं त्याच्याबरोबर ऑफला झुकतं, आणि आता बॅटला पॅडला वळसा घालून यावं लागतं. आत येणारा प्रत्येक बॉल पॅडवर. मग पंचांच्या नावाने ओरड. पाय असा आडवा पडला की कुणीही बोट वर करेल.

ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथची नक्कल करणाऱ्या मुलांचं हे सर्रास होतं. स्मिथ ऑफ स्टंपकडे सरकतो हे ती बघतात. बॉल सुटेपर्यंत सरकून झालेलं असतं आणि त्याचं डोकं तिथे दगडासारखं थांबतं, हे बघत नाहीत. पुण्याजवळ गहुंज्याला 2017 च्या कसोटीत आपला डाव 105 वर आटोपला, शेवटच्या सात विकेट अकरा धावांत गेल्या, आणि त्याच खेळपट्टीवर स्मिथने दुसऱ्या डावात 109 केल्या. त्या खेळीतलं उचलण्यासारखं काय होतं, तर थांबलेलं डोकं आणि बॉल अगदी जवळ येऊ देऊन खेळणं. सरकण्याची लकब त्याची त्यालाच राहू द्या.

यावर माझ्याकडे दोन सवयी आहेत, दोन्ही फुकट. पहिली घरातली. फरशीच्या दोन ओळींमधली रेघ बघा. त्या रेघेला बुटाची टोकं लावून, म्हणजे अनवाणी पायांचे अंगठे लावून, स्टान्स घ्या आणि बॅट रेघेच्या वरून सरळ मागे, सरळ पुढे न्या. बॅट वळसा घेऊन आली की रेघ लगेच चुगली करते. रोज पन्नास वेळा, सकाळी शाळेच्या आधी. दुसरी नेटमधली. प्रत्येक बचावानंतर तसंच थांबायचं आणि मनात तीनपर्यंत मोजायचं. तोल गेला, मागचा पाय ओढला गेला, तर डोकं पडलं होतं, मग बॉल बॅटीच्या मधोमध का लागेना. हे मुलांना कंटाळवाणं वाटतं. पंधरा दिवसांत पालक विचारतात, "सर, याचा पुल शॉट कधी सुरू करणार?" पुल म्हणजे उसळता बॉल लेगला ओढायचा फटका. तो डोकं थांबल्यावर. त्याआधी शिकवलेला पुल टॉप एजच देतो, म्हणजे बॉल बॅटीच्या वरच्या कडेला लागून हवेत उडतो.

याच पुण्यात, पूना क्लबच्या मैदानावर, 1948 च्या डिसेंबरात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद 443 केल्या. समोरच्या संघाने मॅचच सोडून दिली म्हणून ते थांबले. शॉर्टकट मागणाऱ्या प्रत्येक घराला मी हे सांगतो.

बाकीच्या, थोडक्यात

क्रीजच्या बाहेर उभं राहणं. विराट कोहलीला इंग्लंडमध्ये 2014 साली पाच कसोटींत 134 च धावा करता आल्या. 2018 ला तो क्रीजबाहेर उभा राहून स्विंग वळायच्या आधी गाठायला लागला आणि 593 केल्या. पण ते स्विंगवरचं उत्तर होतं. किपर स्टंपजवळ उभा असेल किंवा बॉल छातीएवढा उसळत असेल, तर गपचूप क्रीजमध्ये या.

खूण बघायची विसरणं. टाचांनी माती उकरली जाते, अर्ध्या डावानंतर तुमची रेघ दोन-तीन इंच सरकलेली असते. पाणी प्यायलात की गार्ड पुन्हा घ्या. घेताना अंपायर स्टंपच्या बरोबर मागे आहे ना ते बघा. तो बाजूला उभा असेल तर मिडल म्हणून मिळालेली खूण मिडलची नसते. वेस्ट इंडीजचा चंदरपॉल बेल जमिनीत ठोकून गार्डची खूण करायचा, इतकं त्याला तिचं मोल होतं.

पावसाळाभर बॉक्स क्रिकेट. खेळा, मजा घ्या, पण तिथे बॉल उसळत नाही आणि लेगला जाळी जवळ असते म्हणून प्रत्येक बॉल आडव्या बॅटीने ओढायची सवय लागते. दसऱ्यानंतर ती मोडायला माझे तीन आठवडे जातात.

खालचा हात घट्ट धरणं. अंगठा आणि पहिलं बोट पुरे.

मोठी बॅट. "दोन वर्षं चालेल" म्हणून वाढत्या अंगाची बॅट घेतात, शाळेचा गणवेश घ्यावा तशी. मग मुलगा ती उचलण्यासाठी खांदा वाकवतो आणि डोकं पुन्हा ऑफला पडतं. दुकानात मुलाला फक्त वरच्या हाताने बॅट समोर सरळ धरायला सांगा आणि दहापर्यंत मोजा. टोक खाली यायला लागलं तर लहान साइझ घ्या, पुढच्या वर्षी दुसरी घ्यावी लागली तरी चालेल.