काळ्या मातीत सिमेंट मिसळताय? या चुका टाळा

सिमेंट मिसळून केलेला रस्त्याचा थर उखडला की पहिला ठपका प्रमाणावर येतो: सिमेंट कमी पडलं, पुढच्या वेळी दोन टक्के वाढवू. माझ्या मते हीच सगळ्यात महागडी चूक. बहुतेक वेळा सिमेंट पुरेसं असतं, ते मातीच्या आत पोचलेलं नसतं.

मिसळून झाल्यावर एक ढेकूळ उचलून फोडा. बाहेरून राखाडी, आतून काळंभोर आणि चिकट? मग त्या ढेकळाला सिमेंटचा नुसता लेप लागलाय. पाणी लागलं की ते पूर्वीसारखंच फुगणार. शंका असेल तर ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थेलीन (अल्कली असेल तिथे रंग बदलणारं रसायन) फवारा. सिमेंट पोचलंय तिथे गडद गुलाबी रंग येतो, बाकी माती तशीच राहते. निदान 80 टक्के माती 4.75 मिमीच्या चाळणीतून जाईल इतकी बारीक हवी. प्लॅस्टिसिटी इंडेक्स (माती किती चिकट-लवचीक आहे ते सांगणारा आकडा) तिशीच्या पुढे असेल तर नुसत्या सिमेंटच्या नादी लागू नका. आधी चुना मिसळा, ओल टिकवून एक-दोन दिवस मुरू द्या. माती भुसभुशीत झाली की मग सिमेंट.

इथून पुढे घड्याळ बघायचं. ओल्या मातीत सिमेंट पडल्यापासून साधारण दोन तासांत दबाई संपली पाहिजे. जेवणाची सुट्टी मध्ये आली आणि रोलर नंतर फिरला, तर नुकती जुळू लागलेली पकड आपणच मोडतो. उरलेला माल दुसऱ्या दिवशी पाणी मारून वापरणं तर विसराच.

हिशेबातली चूक साधी असते. टक्केवारी कोरड्या मातीच्या वजनावर धरायची. 150 मिमीचा थर, कोरडी घनता घनमीटरला 1600 किलो, म्हणजे चौरस मीटरला 240 किलो माती. 6 टक्क्यांनी 14.4 किलो सिमेंट, म्हणजे 50 किलोची गोणी जेमतेम साडेतीन चौरस मीटरला पुरते. गोण्या अंदाजाने टाकल्या की कुठे ढीग, कुठे नुसती धूळ.

मातीत सल्फेट किती, हे आधीच तपासा. ते जास्त असेल तर त्याच्यासोबत सिमेंट किंवा चुन्यातलं कॅल्शियम, मातीतलं अ‍ॅल्युमिना आणि पाणी मिळून एट्रिन्गाइट नावाचं फुगणारं खनिज तयार होतं आणि थर मूळ मातीपेक्षाही जास्त फुगू शकतो. इथे सिमेंट वाढवणं म्हणजे आगीत तेल.

सात दिवस थर ओला ठेवायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी चौथ्या दिवशी टँकर येत नाही.

तडे गेलेच, तर आधी त्यांची दिशा बघा. ठरावीक अंतरावर आडवे तडे असतील तर बहुधा आकुंचन: सिमेंट जास्त झालं किंवा थर लवकर वाळला. कडेला समांतर लांबच लांब तडा असेल, तर थराला दोष देण्याआधी खाली बघा. बाजूने पाणी शिरून खालची न सुधारलेली माती फुगते, उन्हात आक्रसते. वरून कितीही भरा, गटार दुरुस्त होईपर्यंत तो तडा पुन्हा तिथेच उघडतो.