निवृत्तीआधी अतिप्रदानाची वसुली निघते तेव्हा

राज्य शासनाच्या नोकरीत सेवापुस्तक पानापानाने तपासलं जातं ते बहुधा शेवटीच. पेन्शन केस महालेखापालांकडे जायच्या आधी पुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जातं, तिथे आक्षेप लागतो आणि कधीकाळच्या चुकीच्या वेतननिश्चितीमुळे जादा मिळालेले पैसे, म्हणजे अतिप्रदान, उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) वळते करण्याचं पत्र हातात पडतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली असतील तर तयारीला आत्ता लागा. शेवटच्या सहा महिन्यांत कोणी तुमचं ऐकून घेत नाही, सगळ्यांना फक्त केस पुढे ढकलायची असते.

पहिला कागद वचनपत्र. वेतन आयोग लागू झाला की सुधारित वेतनश्रेणी घेण्याचा विकल्प भरून देतो, त्याच्याबरोबर सही केलेला कागद: वेतननिश्चिती चुकली असेल तर जादा मिळालेली रक्कम परत करीन. 1996, 2006, 2016 या तिन्ही वेळचे विकल्प शोधा आणि वचनपत्र दिलं होतं का, त्यात नेमके शब्द काय, खाली तारीख कोणती, हे बघून झेरॉक्स काढा. मी गट ब मध्ये होतो. वसुलीला मनाई करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या रफीक मसीह निकालाची प्रत अर्जाला लावली, पण वचनपत्र बघितलंच नाही. कार्यालयाने उत्तरात तेवढा एकच कागद जोडला आणि माझा सगळा मुद्दा तिथे अडला.

रफीक मसीह निकाल सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण अर्धाच. 18 डिसेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गट क आणि गट ड कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वसुलीच्या आदेशापासून वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, आणि जादा रक्कम आदेशाच्या आधी पाच वर्षांहून जास्त काळ दिली गेली असेल तर, वसुली करता येत नाही. मग 29 जुलै 2016 रोजी जगदेव सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की सुधारित वेतनश्रेणी घेताना ज्याने वचनपत्र दिलं, त्याला निवृत्तीचं संरक्षण मिळणार नाही. तिथे कर्मचारी न्यायिक अधिकारी होता. त्यामुळे गट क मध्ये असाल तर तुमची बाजू पुष्कळ भक्कम आहे, तरी कार्यालय वचनपत्र तुमच्याही पुढे टाकतंच. म्हणून वकिलाकडे जाताना दोन्ही निकाल आणि वचनपत्राची प्रत एकत्र न्या. नुसता पहिला निकाल नेऊ नका.

सेवापुस्तक. दुय्यम प्रत तुमच्याकडे असायलाच हवी, नसेल तर आस्थापना शाखेला लेखी मागा, तरी देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. हातात आल्यावर प्रत्येक वेतननिश्चितीखाली पथकाचा शिक्का आहे का बघा. जिथे शिक्का नाही, तिथून आक्षेप निघू शकतो. चुका ठरलेल्या असतात: कालबद्ध पदोन्नती किंवा आश्वासित प्रगतीचा लाभ (ठरावीक वर्षं सेवा झाली की मिळणारी वरची वेतनश्रेणी) वर्ष मोजण्यात चुकून लवकर दिलेला, असाधारण (बिनपगारी) रजेमुळे पुढे जायला हवी होती ती वेतनवाढ तिथेच ठेवलेली, एमएस-सीआयटी किंवा भाषा परीक्षेच्या प्रमाणपत्राची नोंदच नाही. या शेवटच्या प्रकारात अनेकदा प्रमाणपत्र घरात पडून असतं. ते शोधून आजच नोंद करून घ्या, फुकट वसुली कशाला ओढवून घ्यायची?

आक्षेप छोटा म्हणून सोडू नका. मूळ वेतनात महिन्याला 500 रुपये जास्त गेले तर बारा वर्षांत नुसत्या मुळाचेच 72,000 होतात, वर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता त्याच प्रमाणात वाढलेला असतो.

काही सहकारी म्हणतात, गप्प बसा, वर्षभराच्या आत आदेश निघाला की वसुली आपोआप बारगळते. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. वचनपत्र असेल तर ती ढाल उरत नाही, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: वसुली थांबली तरी वेतन दुरुस्त व्हायचं थांबत नाही, आणि पेन्शन त्या खाली आलेल्या वेतनावर बसते. आयुष्यभर कमी पेन्शन घ्यायची असेल तर निदान ती चूक खरी आहे का, हे आधी तपासा. पथकाचा आक्षेपही चुकू शकतो, आणि त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला नोकरीत असताना जेवढी सोय असते तेवढी नंतर नसते.

वसुलीचं पत्र आलं तर महिनावार तक्ता मागा. एकरकमी आकडा मान्य करू नका. कोणत्या तारखेपासून, कोणत्या शासन निर्णयाखाली, मूळ किती, भत्ते किती, हे लेखी हवं. रक्कम लेखाशाखेच्या चुकीने गेली आणि तुम्ही काहीही लपवलं नव्हतं, हे उत्तरात स्पष्ट लिहा. 2 मे 2022 च्या थॉमस डॅनिएल निकालात केरळच्या निवृत्त शिक्षकाची वसुली याच कारणाने रद्द झाली. आणि याच सुमारास कोणीतरी ‘वसुलीस हरकत नाही’ असा तयार मजकूर सहीला आणून देईल, त्याशिवाय केस हलणार नाही म्हणेल. सही करू नका. जुनं वचनपत्र नडतंच आहे, त्यात नवीन भर कशाला! करावीच लागली तर ‘हरकत राखून’ असं स्वतःच्या हाताने लिहा आणि प्रत ठेवा.

पुढचं थोडक्यात. पेन्शन अडली तर तात्पुरतं निवृत्तिवेतन लेखी मागा. पैसे द्यायचेच ठरले तर हप्ते मागा, जगदेव सिंग प्रकरणातही न्यायालयाने दोन वर्षांचे हप्ते दिले होते. मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जायचं तर आदेशापासून एक वर्षाच्या आत, जिल्हा परिषदेचे कर्मचारी असाल तर उच्च न्यायालयात. क्वार्टर, अग्रिमं, ना-देय दाखला हे तुम्हाला माहीत आहेच. वचनपत्राची झेरॉक्स काढली का? नसेल तर सोमवारी आस्थापना शाखेत आधी तेच मागा.